एक्सचेंजमध्ये दिलेला प्रोसेसर

आमचा डेस्कटॉप उर्वीपेक्षा वयाने मोठा आहे. ती पोटात असताना मी त्याच्यावरच घरून काम केलं. पुढे तिचा पाळणाही त्याच टेबलाला खेटून लागला. घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये दुसरी जागा तरी कुठे होती? रांगायला लागल्यापासून ती त्या कॅबिनेटच्या कोमट पत्र्याला पाठ लावून बसायची.

यंदा कॉम्प्युटर फारच रखडायला लागला. नवा घेणं जमणार नव्हतं. माझा नवरा प्रबुद्ध म्हणाला, "अगं, नुसता प्रोसेसर बदलू ना. याच बोर्डवर बसेल असा वापरलेला, दमदार मिळतो. जुना एक्सचेंजमध्ये देऊ."

रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातला नंदू आला. त्याने फॅन काढला, वाळलेली पेस्ट पुसली, जुना प्रोसेसर चिमटीत उचलून डबीत घातला आणि घेऊन गेला. कॉम्प्युटर झकास पळायला लागला.

त्या दिवशी उर्वी निपचित झोपली. दोन वर्षांची पोर, एरवी दुपारी तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. ती उठली थेट सोमवारी सकाळी.

"बरं झालं, काम तरी शांतपणे झालं," प्रबुद्ध हसला.

मग ताप सुरू झाला. दुपारी चढायचा, दिवेलागणीनंतर उतरायचा. सर्दी नाही, खोकला नाही. तापलेल्या अंगाने ती खेळत असायची. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. "थर्मामीटर जरा कमी लावा," डॉक्टर मला म्हणाल्या. मी लावतच राहिले. गुरुवारी मात्र ताप नसायचा. एकाही गुरुवारी नाही.

माऊस घ्यायला दुकानात गेले, तर नंदू वैतागलेला. "वहिनी, तुमच्या त्या प्रोसेसरने वाट लावलीय माझी! मुलुंडच्या रतनभाऊंना दिला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात ते. रोज फोन. दुपारी कामाला बसलं की तापतो म्हणे. गुरुवारी तेवढी सुटका."

"गुरुवारी का?"

"सुट्टी असते ना त्यांना. मशीन लावतच नाहीत."

"त्यांच्याकडे बसवलास कधी?"

"तुमच्याकडून काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी सकाळीच."

प्रबुद्धला काही बोलले नाही. काय सांगणार होते? उर्वीला शेजारच्या वसुधाकाकूंकडे ठेवलं आणि मुलुंड गाठलं.

बदल्यात दुसरा प्रोसेसर देते म्हटल्यावर रतनभाऊ तयार झाले. "लोक जुनं देऊन नवं नेतात, ताई. तुमचं उलटंच!" त्यांनी मशीन बंद केलं, फॅन काढला, बारीक खिटी उचलली आणि प्रोसेसर माझ्या तळहातावर ठेवला.

कोमट होता. मग गार होत गेला.

फोन वाजला. वसुधाकाकू.

"अगं, ही खेळता खेळता आडवी झाली. हलवतेय, पण उठतच नाही. हातपाय गार लागतायत गं."

"परत बसवा," मी रतनभाऊंना म्हणाले.

"अहो ताई, पेस्ट तरी..."

"बसवा!"

खिटी खाली झाली. बटण दाबलं. फॅन फिरला.

फोनमध्ये उर्वी रडली.

तेव्हापासून तो मुलुंडलाच आहे. काकूंना म्हटलं, झोपच गाढ आहे तिची. रतनभाऊंना एवढंच बजावलं, की काढायचा झाला तर आधी मला फोन करा. "बरं, ताई," ते म्हणाले, वेड्या माणसाशी बोलावं तसं.

रोज दुपारी मी उर्वीच्या कपाळावर हात ठेवते. तापलेलं असलं की बरं वाटतं.

आज रविवार. जेवणं झाली, भांडी घासली, ओटा पुसला आणि फोन हातात घेतला. रतनभाऊंचा थोड्या वेळापूर्वीचा मेसेज होता. 'सॉरी ताई, फोन करायचा राहून गेला. नवीन सेटअप घेतला. जुना एक्सचेंजमध्ये दिला. नंदू आत्ताच सगळं खोलून घेऊन गेला.'

नंदूचा फोन बंद.

मी बाहेरच्या खोलीत धावले. "उर्वी!"

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या प्रबुद्धने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गं. किती दिवसांनी दुपारची झोपलीय."