झोंबणारे थेंब

"डोळे कोरडे. चांद्रगाडीच्या शर्यतीतून नाव रद्द," दक्ष म्हणाला. दक्ष हा चंद्रावरच्या वसाहतीचा तपासनीस यंत्रमानव. डोळ्यांत रंगाचा थेंब टाकून त्याने मोजलं होतं : अश्रूंचा थर तीनच सेकंदांत फाटला. निदान दहा तरी हवे होते.

बारा वर्षांच्या शाल्मलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "कोरडे? मग हे काय वाहतंय? तुझं इंजिनतेल?"

"जळजळ झाली की डोळा घाईघाईने पाणी सोडतो," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे तिचे आजोबा, वसाहतीचे नेत्रतज्ज्ञ. "पण ते नुसतं पाणी. डोळ्यावर टिकत नाही."

"मी दर अर्ध्या तासाला कृत्रिम अश्रू घालते की!"

"दूध उतू जातंय आणि तू वरून पाणी शिंपडतेयस. खालची आच कोण कमी करणार? इथल्या सुक्या हवेने डोळ्याला इजा झाली, म्हणून रक्षक पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) धावून आल्या. पण त्या परत गेल्याच नाहीत. त्यांच्या धुमाकुळाने दाह (सूज, लाली, जळजळ) झाला, अश्रुग्रंथी बिघडल्या, डोळा आणखी सुकला. मग आणखी पेशी आल्या. म्हणून दाह शमवणारे थेंब दिले होते. कुठायत ते?"

"परतपेटीत टाकले," शाल्मली म्हणाली. आठ दिवसांत कामी न आलेली वस्तू वितळवून पुन्हा वापरण्यासाठी परतपेटीत टाकायची, ही वसाहतीची शिस्त. थेंब झोंबत होते, फरक शून्य. सगळ्या सीलबंद कुप्या तिने टाकून दिल्या होत्या.

"अगं, ते हळू काम करतात. तीन महिने लागतात! तोवर पहिले दोन आठवडे स्टिरॉइडचे थेंब देईन. ते झटपट आग विझवतात, पण जास्त दिवस घातले तर डोळ्यातला दाब वाढतो."

शर्यतीला तीन महिनेच होते. शाल्मली धावत जाऊन परतपेटीवर बसली.

"ऊठ. पेटीतलं सगळं वितळवायला न्यायचं आहे," दक्ष म्हणाला. "नियम आहे."

"नियम खुर्च्या-बादल्यांना लाव! माझ्या डोळ्यांना नाही. कुप्या दे, आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा तपास. हो म्हणेपर्यंत मी इथून हलत नाही, जा!"

दक्षने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान डोलावली, तेव्हा त्याने पेटी उघडून कुप्या काढून दिल्या.

थेंब रोज झोंबले. महिना गेला, फरक नाही. दुसऱ्या महिन्यात ती रडकुंडीला आली, पण एकही दिवस चुकवला नाही.

शर्यतीच्या सकाळी दक्ष मोजू लागला. "...नऊ, दहा, अकरा." तो थबकला. "नियमात आठ दिवसांऐवजी किती लिहू?"

"औषधाचं तात्यांना विचार," शाल्मली शिरस्त्राण चढवत म्हणाली. "आणि बाजूला हो. मला गाडी काढायचीय."