लाल खुर्च्या

सारिकाचं डोकं वरवंट्याने इतकं ठेचलं होतं, की मुरबाडच्या त्या भाड्याच्या खोलीत तिची ओळख मनगटावरच्या घड्याळावरून पटवावी लागली. तिच्या दातांत दुसऱ्याच कुणाच्या कातडीचा तुकडा अडकला होता. पोरगी झुंजून मेली होती.

"रविवारी चारला किंकाळी ऐकली," शेजारीण हौसा म्हणाली. "आमाला टीव्ही वाटला."

सातला शहापूरच्या टॉकीजचा ऑपरेटर मंगळू रक्ताने माखून त्याच खोलीतून धावत बाहेर आला. गल्लीने एक शब्द न विचारता त्याला दगडांनी फोडला. तिने घेतलेल्या चाव्याची खूण शोधायला त्याच्या अंगावर जागा उरली नाही. एक डोळा कायमचा गेला. आता तो दवाखान्यात होता आणि दाराशी पोलीस होता.

सोमवारी सकाळी त्याची बायको सावळी खासगी गुप्तहेर हर्षाली भोईरसमोर बसली होती. शेजारी हर्षालीचा मदतनीस नवशा. माणूस इमानी, डोक्याने अंमळ सावकाश.

"मशीनचा बल्ब रविवारी सकाळीच उडला. तो आनाया माजा माणूस कल्याणला गेलता. दुकान बंद. तसाच मुरबाडला आला, तर ती पडलेली. उचलाया गेला वो तिला! ताई, त्याला फाशी देतील."

"सारिकाकडे काय काम होतं?"

"डोकी सांगाया. कुठल्या शोला किती मानसं बसली, ती लिवून घ्यायची."

"ऑनलाइन आकडे असताना?" नवशाने विचारलं.

सारिकाचा सहकारी मनोज रडून रडून थकला होता. "आम्ही बुकिंगच्या वेबसाइटवरून सिनेमांचा अभ्यास करतो. दिग्दर्शक सूरजचा सिनेमा तिथे हाउसफुल, सगळ्या खुर्च्या विकल्यासारख्या लाल; मंगळूच्या मोजणीत अकरा माणसं. सूरज स्वतःच तिकिटं काढायचा. हे सारिका छापणार होती. ती म्हणायची, खुर्ची लाल दिसते एवढंच खरं, का लाल ते वेबसाइट सांगत नाही."

रविवारी चारला मनोज टोकावड्याच्या ढाब्यावर जेवत होता. ढाबेवाल्याने फोनवर दुजोरा दिला.

दिग्दर्शक सूरज वाशिंदला भेटला. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट.

"मी शहापुरात, माझ्याच सिनेमाच्या तीनच्या शोला. काय शिट्ट्या, काय टाळ्या!" त्याने मोबाइलवर बुकिंगच्या वेबसाइटचा त्या शोचा फोटो दाखवला. सगळ्या खुर्च्या लाल. "मशीन वेळेला आपोआप सुरू होतं. मंगळू तिथे नव्हताच. तुम्ही म्हणता तो बल्ब उडाला ही शुद्ध थाप."

"संपलं, ताई," नवशा बाहेर येऊन म्हणाला.

हर्षालीने टॉकीजचे मालक हनुमानशेठ यांना नाशिकला फोन लावला. मग पोलिसांना.

संध्याकाळी दोन पोलिसांनी सूरजसह सगळ्यांना सारिकाच्या खोलीपुढच्या अंगणात जमवलं. गल्लीही लोटली होती.

"नवशा, बल्बाशिवाय सिनेमा दिसतो का?"

"नाय दिसत. पण खुर्च्या तर भरल्या होत्या."

"भरल्या नव्हत्या, रोखल्या होत्या. शो रद्द झाला की कुणी तिकीट काढू नये म्हणून मालक सगळ्या खुर्च्या बंद करतो. वेबसाइटवर त्याही लालच दिसतात. हनुमानशेठनी रविवारी सकाळी तेच केलं. टॉकीजला दिवसभर कुलूप होतं. सूरज, कुलपाआड शिट्ट्या कुणी मारल्या?"

सूरजचा चेहरा पडला.

"लाल खुर्च्या विकत घेऊन तू जगाला फसवलंस, आणि साक्षीदार हवा होता तेव्हा त्याच लाल रंगावर स्वतः फसलास. बाही वर कर."

तो पळाला. नवशाने त्याला गचांडी धरून खाली आपटलं, बाही फाटली. दंडावर दातांची खोल, सुजलेली जखम होती.

"ती गप्प बसेना!" सूरज किंचाळला. "माझं सगळं संपवणार होती ती!"

गल्ली खवळली. "ठेचा साल्याला!" दोघं पोलीस बाजूला ढकलले गेले. पहिला दगड सूरजच्या कपाळावर बसला आणि रक्ताची धार लागली.

सावळी मध्ये येऊन उभी राहिली.

"टाका ते दगड! याला फाशी होऊ दे, मी बघाया जाईन. पन तुमी नाय मारायचा. काल माज्या मानसाचा डोळा फोडलात, तवापन तुमाला आपलंच बरोबर वाटत व्हतं."

हौसाने हातातला दगड खाली ठेवला आणि हात पदराला पुसला.