मेंदी रंगाचं पातळ

कल्याण स्टेशनवरून सुटलेल्या टांग्यात तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि पहिल्याच खड्ड्याला त्याच्या मांडीवरच्या खोक्यातून काहीतरी माझ्या नव्याकोऱ्या पातळावर सांडलं.

“काय आहे यात?” मी विचारलं.

“लघवी,” तो म्हणाला. अगदी खड्या आवाजात.

टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं. समोरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

“माझी नव्हे,” त्यानं घाईनं खुलासा केला, “गिरणीच्या रंगखात्यातल्या कामगारांची. रंगामुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो का, ते तपासतोय. मी डॉक्टर गोपीनाथ.”

“मी मंजुळा. आणि हे पातळ गेलं.”

आमचे बापू त्याच रंगखात्यात होते. मिठागर सोडून गिरणीत लागले ते तिथंच. तपासणीसाठी लघवीची बाटली द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

पुढं हा मनुष्य माझ्या राशीलाच लागला. मी शाळेत शिकवायची आणि डोंबिवलीच्या नाट्यमंडळात काम करायची. मूत्राशय आतून पाहायची दुर्बीण आणायची म्हणून मंडळानं मदतीचा प्रयोग ठरवला. बाटल्या गोळा करणार कामगार, तपासणार मुंबईचे डॉक्टर, आणि सगळ्यांच्या मध्ये लुडबुडणार गोपीनाथ.

“जाहिरातीत लिहा, ‘लघवीतून रक्त जातंय का?’” तो म्हणाला.

“डॉक्टर, ही नाटकाची जाहिरात आहे. ‘आरोग्याच्या मदतीसाठी’ पुरे.”

“त्यातून कोणाला काय कळणार?”

“तिकिटं तरी खपतील.”

“तुम्ही रागावलात की…” तो थांबला.

“की काय?”

“काही नाही… जाहिरात तुमच्या मनासारखी करू.”

डोक्याला ताप नुसता. खराब झालेल्या पातळाची भरपाई म्हणून त्यानं नवं आणलं, तेही मेंदी रंगाचं. मला तो रंग मुळीच आवडत नाही. मी ते सारखी नेसत होते, हा भाग वेगळा.

प्रयोग रविवारी दुपारी होता. मध्यंतरात गोपीनाथ रंगमंचावर गेला आणि व्हायचं तेच झालं. त्यानं तो शब्द उच्चारला, पुढच्या रांगेतले पुरुष फिदीफिदी हसले, आणि तो तिथंच गोंधळून उभा राहिला. मला इतका संताप आला, की राणीचा मुकुट डोक्यावर असतानाच मी विंगेतून बाहेर आले.

“रंगखात्यातल्या माणसांच्या बायका आल्यात ना इथं?” मी म्हटलं. “घरात धोतरं कोण धुतं?”

हसणं थांबलं. मागून ठमाबाई उठल्या. त्यांचा नवराही बापूंच्याच खात्यात.

“धोतर तं लालच निंगतंय, बाई. रंगाचंच असतंय ना ते?”

“आमच्यात पन तसंच,” आणखी कोणी म्हणालं.

“रंग नाही तो,” गोपीनाथ हळूच म्हणाला. “रक्त आहे.”

मी प्रेक्षकांत बसलेल्या बापूंकडं पाहिलं. ते खाली मान घालून आपली निळी नखं न्याहाळत होते. त्यांची धोतरं मीच धुवायची. रंगखात्याच्या नावानं बोटं मोडत ते लाल डाग घासायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली माझ्यापुढं ठेवली.

“दे तुझ्या डाक्टरला. मना भ्या वाटतं व्हतं, पोरी.”

तपासणीचा निकाल कळला, तसा गोपीनाथ स्वतः घरी आला.

“खूण चांगली नाही. गाठ असावी,” तो म्हणाला. “पण लवकर कळलंय. दुर्बीण आली, की पोट न फाडता आतूनच काढता येईल असं मुंबईचे डॉक्टर म्हणतात. नंतरही तपासत राहावं लागेल. मी… मी येत जाईन.”

मला रडू फुटलं. त्यानं रुमाल पुढं केला आणि मग दारातच घुटमळत राहिला.

“मंजुळाबाई… म्हणजे… बापू बरे झाल्यावर… तुमची हरकत नसेल तर…”

त्याचे कान लालभडक झाले होते. माझा धीर संपला.

“भरल्या टांग्यात ‘लघवी’ म्हणताना बरी नाही जीभ अडखळली, डॉक्टर?”

“ते सोपं होतं,” तो पुटपुटला. “तुम्ही मला आवडता. फार.”

आतून बापूंचा आवाज आला. “हां बोल त्याला, मंजुळे. डाक्टर घरचाच झाला तं मना काय लपवाया नको.”

मी आत गेले आणि मेंदी रंगाचं पातळ नेसून आले.