काठाची गाठ

"अहो, ते लव्हाळं आहे, पायपुसणं नाही!"

माझं त्याच्याशी पहिलं वाक्य हेच. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचा टोपल्या विणायचा सहा आठवड्यांचा कोर्स सुरू होत होता, आणि हा उंच बाबा बादलीत बूट बुडवून, भिजवलेल्या लव्हाळ्याच्या जुडीनं तो पुसत होता.

"मग पायपुसणं द्या…" म्हणाला, वर हसला. मेल्याला खळी पडत होती!

कोर्स भरवणाऱ्या ऑफिसनं त्याला कोर्सचं पुस्तक लिहायला पाठवलं होतं. शिकवणार माझी आत्या, मी तिच्या हाताखाली. टोपली हे निमित्त. आमच्या लोकांत जीव जड झाला की विणायला बसतात. विणता विणता मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. आत्याबरोबर बसणारं कुणी उरलं नव्हतं, ते या कोर्सनं पुन्हा जमलं. कोर्सला येणाऱ्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं पुस्तकराव.

पुस्तकराव वहीत कमी, माझ्याकडे जास्त बघायचा.

"इथं दोन काड्या की तीन?"

"बोटांकडे बघा, तोंडाकडे नाही."

"तोंडावर लिहिलंय ना…"

"काय?"

"की बाई रागावलेली नाहीये."

पत्र्यावर पाऊस वाजला की ऐकू येत नाही म्हणून तो जवळ सरकायचा. पाऊस थांबला तरी मागे सरकत नसे, आणि मी तरी कुठे म्हणत होते सरका म्हणून!

एकदा विणता विणता तोच बोलला. "बाबा गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. फोन कापला मी त्यांचा." मी त्याला पुढची काडी दिली. त्या दिवशी माझं काही खरं राहिलं नाही.

आत्या सगळं शिकवायची, काठ बंद करायची शेवटची गाठ सोडून. ती घरी जाऊन मारून आणायची. कारण ती गाठ आई लेकीला देते, नाहीतर बाई आपल्या माणसाला… हातावर हात ठेवून. मग लग्न ठरलं असं समजतात. तोंडानं काही बोलायचं नसतं.

पाचव्या आठवड्यात, सगळ्या गेल्यावर, मी त्याचे हात धरले आणि गाठ दिली. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, समजला.

शेवटच्या दिवशी छापील पुस्तकं आली. तो नाचतच आला. "आत्या, तुमचं एक राहिलं होतं, ते मी भरून घेतलंय!"

अख्ख्या पानभर गाठ. पायरी एक ते नऊ, चित्रांसकट.

आत्यानं पान बघितलं, मग मला. "धाकटे… तू?" एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. एकेक करत बायकाही उठल्या. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

"अगं, मग बोलायचं नाही का एकदा?"

"हातात हात दिला होता. अजून काय बोलायचं होतं?"

"मला वाटलं… शिकवतेयस." त्याचा चेहरा उतरला. "पुस्तकं परत मागवतो. आणि गाठ दिलीस ना? मग कर लग्न माझ्याशी. माझं प्रेम आहे गं तुझ्यावर!"

हो म्हणायला जीव नुसता तडफडत होता. पण ज्या घरातून मला निघायचं, त्या घराची वस्तू मीच चव्हाट्यावर मांडली होती. कुठल्या तोंडानं आत्याकडे आशीर्वाद मागू?

"जा तू," म्हटलं. तो गेला. वेडी मी, दाराकडे किती वेळ बघत बसले!

पुस्तकं काही परत आली नाहीत. आता कोर्सला ऑफिसचीच एक मुलगी शिकवते. गाठ माझ्यापेक्षा सुबक मारते म्हणे. आत्या माझ्याशी बोलते, वाढते, डोक्याला तेलही लावून देते. पण ती विणायला बसली आणि मी खोलीत आले, की हातातलं काम पदराखाली घेते.