पायरीवरचा उजेड

“इथे नको, बाहेर उजेडात बघू,” असं म्हणून दोऱ्यांच्या दुकानातल्या त्या मुलानं दोन रिळं उचलली, आणि ती आपली निळी ओढणी सावरत त्याच्यामागोमाग पायरीवर आली. आत ओढणीशी अगदी जुळलेला दोरा बाहेर चक्क जांभळट निघाला.

तिला हसू आलं. ताऱ्यांच्या उजेडाचा अभ्यास करणारी मुलगी, आणि तिला ट्यूबलाइटनं फसवावं... पर्समधली छोटीशी पारदर्शक पट्टी तिनं त्याच्या डोळ्यांपुढे धरली. आतल्या ट्यूबचा उजेड फुटला – सुटे सुटे रंगीत पट्टे, मधे नुसता काळोख. सूर्याचा उजेड असा तुटक नसतो, म्हणून आत रंग फसतात, असं तिनं त्याला सांगितलं.

“आणि तारे?”

“त्यांना पायरीवर कुठून आणणार? त्यांचा उजेडच फोडायचा. त्यात बारीक काळ्या रेघा असतात. तारा कशाचा बनलाय, किती तापलाय, जवळ येतोय की लांब चाललाय... सगळं कळतं.”

“न विचारता?”

“न विचारता.”

“बरंय ताऱ्यांचं,” तो म्हणाला, आणि उगाचच रिळावर दोरा गुंडाळत राहिला.

मग तिच्या घरचं शिवण काही संपेना. कधी आईच्या उशीचा अभ्रा, कधी नुसतंच बटण. दर वेळी तो तिला पायरीवर न्यायचा. खांद्याला खांदा लागेल-न लागेल अशी दोघं एकाच दोऱ्याकडे बघत राहायची. यांच्या घरी माणसं राहतात की शिंपी, असं गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या काकांनी एकदा विचारलंसुद्धा.

आणि एक दिवस ती निरोप घ्यायला आली. डोंगरावरच्या वेधशाळेत काम मिळालं होतं; दोन वर्षं तरी परतणं नव्हतं.

“छान झालं,” तो म्हणाला. बस, एवढंच. रीळ उचलून पायरीकडे निघाला.

ती मात्र हलली नाही. छताला वेगळाच दिवा दिसत होता. सवयीनं तिनं पट्टी डोळ्यांपुढे धरली... लालपासून जांभळ्यापर्यंत सलग रंग, कुठे खंड नाही. अगदी दिवसाच्या उजेडासारखा.

“हा कधी बसवला?”

“झाले की दोन-तीन महिने,” उत्तर काकांनीच दिलं. “बाकीच्या गिऱ्हाइकांना हा आतच दोरा दाखवतो.”

त्याचे कान लालबुंद झाले. तिनं पट्टी हळूच त्याच्याकडे वळवली.

“काय दिसतंय?”

“तापलाय बऱ्यापैकी. जवळ येतोय की लांब चाललाय, ते मात्र...”

तो परत फिरला, तिच्यासमोर येऊन थांबला. “डोंगरावर रविवारी बस जाते ना? पण मी न विचारता नाही यायचो... येऊ?”

“दोरे घेऊन या,” ती म्हणाली. “तिथल्या पायरीवर उजेड फार चांगला असतो.”