अंगभार

दुपारी यंत्रमागाची पाळी सुटली, की इचलकरंजीतल्या बायका व्यायामकेंद्रात येत आणि छताला टांगलेल्या दोऱ्या त्यांना गोड आवाजात विचारत, "जेवलात का?"

दोऱ्या जाणत्या होत्या. मूठ धरली की त्या बाईचं वजन, तोल, स्नायूंची थरथर ओळखत आणि आपणहून लांब-आखूड होत. अंग जितकं तिरकं, तितका अंगभार जास्त. उचलायचं ते स्वतःलाच. पलीकडच्या दालनात दुसरा गट जुन्या पद्धतीनं डंबेल्स उचलत होता. हाडं मोजून घ्यावीत अशा या बायकांच्या अंगावर मांस कशानं चढतं, दोरीनं की लोखंडानं, एवढंच उत्तरा देवस्थळीला शोधायचं होतं. ती पुण्याहून आलेली फिजिओथेरपिस्ट. दोऱ्यांचा प्रश्न तिनंच लिहिलेला, आवाजही तिचाच. 'आहार घेतला का' असं कोरडं विचारण्यापेक्षा घरच्यासारखं विचारावं, असं तिला वाटलं होतं. उत्तर 'हो' आलं की दोरी भार वाढवी.

सुगंधा बुगड दोरीच्या गटात होती. वजन सदतीस किलो. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. अंगात ताकद भरल्याशिवाय तिसऱ्याचं नाव काढू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. ती इतक्या ईर्ष्येनं लोंबकळायची की बाकीच्या चेष्टा करत, "सुगे, पंख फुटत्याल गं!"

मग एका दुपारी मूठ सुटली आणि ती कोसळली. हॉस्पिटलात उलगडा झाला. पोटात काही नाही म्हणून शरीरानं आधी हातापायांचं मांस वापरलं, मग हृदयाचं. हृदयाची भिंत पातळ झाली होती. आता गर्भाचा भार तिला कधीच पेलणार नव्हता.

उत्तरा खाटेशी येऊन बसली. तिला रागही आला होता आणि रडूही.

"सुगंधाताई, उपाशी असायचात, तर रोज 'जेवले' म्हणून का सांगितलंत?"

"घरात समद्यांचं झाल्यावर उरंल ते रातीला खायचं, मॅडम. आन् जेवलीस का म्हणून कुणी इचारलं, तर व्हयच म्हणायचं असतंय की. न्हाई म्हटलं तर मागितल्यागत हुतंय."

"अहो, पण ती दोरी होती!"

"आवाज तर तुमचाच हुता न्हवं?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण त्या बहिणीला कोणी घराबाहेर काढलं नाही. परक्याच्या दारात, पोटात कावळे ओरडत असताना, उत्तरानंही कितीदा 'आत्ताच झालं' म्हटलं होतं. यंत्राला मराठी शिकवताना नेमकं हेच तिला आठवलं नव्हतं.

प्रयोग त्याच आठवड्यात संपला होता. मधेच गळालेल्या बायकांना सरासरीत घ्यायचं नाही, असा नियम होता. त्याप्रमाणे सकाळीच तिनं सुगंधाचे आकडे वगळले होते.

"मॅडम," सुगंधानं हळूच विचारलं, "कोण पुढं गेलं? आमची दोरी का लोखंड?"

"दोरी. थोडक्यानं, पण दोरीच."

सुगंधाच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं.

"लई बरं झालं. मग त्यात माझं वजन धरलंय न्हवं?"