रिकामा रकाना

एकच ओळ दोन माणसांनी दोन तऱ्हांनी बदलली, तर त्यांतली कोणाची ठेवायची, हे ठरविणे हेच थोरल्याचे नऊ वर्षांचे काम होते. त्याची कंपनी पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करी. जुन्या ग्राहकांसाठी त्याची एक प्रत, म्हणजे एक शाखा, नव्यांसाठी दुसरी. आणि जुनीतली प्रत्येक दुरुस्ती नवीत नेऊन जोडावी लागे. रोज सकाळी थोरला दोन्ही शाखा पडद्यावर शेजारी-शेजारी मांडी आणि धान्यातले खडे वेचावेत तसे फरक वेची. कोणी घाई केली तर म्हणे, "जोडणी म्हणजे टाचणी नव्हे." हे वाक्य त्याचे स्वतःचे होते आणि त्याला त्याचा अभिमान होता.

पुढे त्याच्याच सख्ख्या धाकट्या भावाने, जो चार वर्षांपूर्वी त्याच विभागात लागला होता, तीन आठवड्यांत एक प्रोग्राम लिहिला. तो या जोडण्या आपण होऊन करी. दोन ओळींची टक्कर झाली, तरच थांबून थोरल्याचा निर्णय विचारी.

"दादासाहेब, आता सकाळचं काय करणार?" शेजारच्या टेबलावरून टेस्टिंगवाल्याने विचारले. "शब्दकोडी आणून देऊ का?"

सगळे हसले. थोरलाही हसला; पण आतून त्याचा तिळपापड झाला होता.

वस्तुतः हे दुखणे कार्यालयातले नव्हतेच. घरी आई आल्यागेल्याला एकच हकीकत ऐकवी: सहा वर्षांपूर्वी वडील इस्पितळात गेले, तेव्हा धाकटा तीन दिवस त्यांचा हात धरून बसला होता; शेवटच्या श्वासापर्यंत त्याने तो सोडला नाही. "आणि थोरला?" असे कोणी विचारलेच, तर ती समजूतदारपणे म्हणे, "तो कामासाठी परगावी होता ना बिचारा." त्या समजूतदारपणाइतके थोरल्याला दुसरे काहीच झोंबत नसे. कारण परतीची गाडी होती, आणि ती त्याने मुद्दाम घेतली नव्हती. ही गोष्ट त्याने कोणापाशीही उच्चारलेली नव्हती.

एके दुपारी प्रोग्रामने त्याला अकराव्यांदा विचारले: ओळ कोणाची ठेवू, तुमची की भावाची? आधीच्या दहाही वेळी भावाचीच ओळ सरस होती, आणि थोरल्याने प्रामाणिकपणे तीच ठेवली होती. या खेपेस त्याने एक नियम लिहिला. यापुढे टक्कर झाल्यास थोरल्याचे ठेवावे, धाकट्याचे टाकावे, विचारू नये, आणि जोडणी पूर्ण झाल्याची नोंद करावी. यातले शेवटचे कलम सर्वांत निर्दय होते. कारण जोडले गेले अशी एकदा नोंद झाली, की तो फरक पुन्हा कधी कोणापुढे येत नाही. नियमाखाली एक रकाना होता: 'कोठे लागू'. इतक्यात बैठकीचे बोलावणे आले; त्याने नियम तसाच लागू केला, आणि रकाना रिकामाच राहिला. रिकामा म्हणजे सगळीकडे.

मंगळवारी धाकट्याने चहात दोन चमचे साखर घातली. तो जन्मात साखर घेत नसे.

"हे कधीपासून?" थोरल्याने विचारले.

"काय कधीपासून? नेहमी दोनच घेतो की," धाकटा म्हणाला. "तुझ्यासारखीच."

गुरुवारी कोणी चूक काढल्यावर धाकटा ऐटीत म्हणाला, "जोडणी म्हणजे टाचणी नव्हे." टेस्टिंगवाल्याने मान डोलावली, जणू हे वाक्य तो धाकट्याच्याच तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आला होता.

रविवारी सकाळी मावशी आली. वडिलांचा विषय निघाला. थोरल्याने सवयीने मान खाली घातली.

"कोणीच नव्हतं गं जवळ," आई म्हणाली. "दोघंही कामासाठी परगावी."

थोरल्याला आधी काय वाटले असेल, तर गोड वाटले. सहा वर्षांचा काटा कोणीतरी अलगद काढावा, तसे. ते गोड वाटणे आईचा चहाचा घोट संपेपर्यंत टिकले.

मग तो उठून आतल्या खोलीत गेला आणि कपाटातून इस्पितळाचा कागद काढला. 'सोबतचा नातेवाईक' या शब्दांपुढे धाकट्याची तिरकी सही होती. ती त्याने कैकदा पाहिली होती. आता तिथे काहीच नव्हते. त्याने कागद उजेडात धरला, बोट फिरवून पाहिले. खाडाखोड नव्हती. कागद गुळगुळीत होता.

धाकटा गॅलरीत उभा होता.

"इस्पितळात तू होतास ना रे?"

"मी?" धाकट्याने गॅलरीचे दार ओढून घेतले. मग हळूच म्हणाला, "दादा, परतीची गाडी होती. मी मुद्दाम नाही घेतली. आईला सांगू नकोस."

थोरला तसाच कार्यालयात गेला. सुट्टीमुळे मजला रिकामा होता. त्याने नियम पुसला आणि दोन्ही शाखा पुन्हा जोडायला सांगितल्या.

उत्तर आले: जोडण्यासारखे काही उरलेले नाही.

त्याने जुन्या नोंदी उघडल्या. भावाच्या कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे गेला. दोन्ही बाजूंना त्याच ओळी होत्या. सगळ्या त्याच्या.

तो घरी परतला, तेव्हा मावशी गेली होती. तो आईपुढे जमिनीवर बसला.

"आई, धाकटा होता तिथे. बाबांचा हात त्यानेच धरला होता. मी सांगतो ना."

"कशाला माझी समजूत काढतोस?" आई म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "एकटेच गेले ते. नर्स सांगत होती, मूठ काही केल्या उघडेना."

"मुठीत काय होतं?"

"काही नव्हतं रे." तिने आपला उजवा हात वर करून दाखविला. बोटे घट्ट वळलेली होती, पण तळव्याला टेकत नव्हती. मध्ये एक हात मावेल एवढी जागा होती. "अशी मिटली होती."